एक शून्य जास्त: विसाव्या शतकाच्या इतिहासाची लोकप्रिय पुस्तकं कितपत खरी मानायची?

पिंपळपान – रविवार, रात्री ९:४०

कपाट आवरायला काढलं की आवरणं बाजूला राहतं आणि माणूस फरशीवर फतकल मारून जुनी पुस्तकं चाळत बसतो. आज तसंच झालं. कॉलेजात असताना वाचलेलं दुसऱ्या महायुद्धावरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. तेव्हा रात्री जागून वाचलं होतं. ड्रेस्डेनच्या बॉम्बहल्ल्याच्या पानावर ‘१,३५,०००’ या आकड्याखाली मी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली आहे आणि समासात लिहिलंय, ‘बाप रे!’

अडचण अशी, की गेल्याच महिन्यात वाचलेल्या एका नव्या पुस्तकात त्याच हल्ल्यात मेलेल्यांचा आकडा २५,००० आहे. तारखा त्याच, १३ ते १५ फेब्रुवारी १९४५. शहर तेच, विमानं तीच. एक लाख दहा हजार माणसं एका पुस्तकात मेली आणि दुसऱ्यात मेलीच नाहीत?

मी इतिहास शिकलेली नाही. आवडतं म्हणून वाचते. विसावं शतक तर जास्तच, कारण त्याचे फोटो आहेत, फिल्म आहेत, माणसांचे आवाज आहेत. एवढा पुरावा हाताशी असताना आकडे इतके हलतात कसे? आणि जिला स्वतः अभिलेखागारात जाऊन कागद तपासता येणार नाहीत, तिने भरवसा कुणावर ठेवायचा?

(पुस्तकांच्या याद्या नकोत. त्यांचे धागे ढिगाने आहेत.)

उंटावरचा शहाणा – रविवार, रात्री १०:०५

सोपं आहे ताई. इतिहास जेते लिहितात. अमेरिका-ब्रिटनने आपलं पाप धुऊन धुऊन २५ हजारांवर आणलं. विषय संपला.

खवचट म्हातारा – रविवार, रात्री १०:१८

शहाण्या, उंटावरून खाली उतर. ड्रेस्डेनच्या बाबतीत नेमकं उलटं झालंय. फुगवलेला आकडा हरणाऱ्यांनी पसरवला, जिंकणाऱ्या देशातल्या एका लेखकाने तो गाजवला आणि कमी आकडा खुद्द जर्मन इतिहासकारांनी नक्की केला. तळघर येतीलच आता. हा त्यांचा विषय.

तळघर – रविवार, रात्री ११:३२

आलो. जरा लांबण लागेल.

हल्ल्यानंतर ड्रेस्डेनच्या पोलिसांनी मृतांची मोजदाद केली होती. मार्च १९४५ मधल्या त्यांच्या एका दैनिक आदेशात, ज्याला ‘आदेश क्र. ४७’ म्हणून ओळखतात, तोवर सापडलेले मृतदेह २०,२०४ आणि अंतिम अंदाज २५,००० असं नोंदवलं होतं. साथ पसरू नये म्हणून आल्टमार्क्ट चौकात रचून जाळलेली प्रेतं ६,८६५.

युद्धानंतर या आदेशाची जी प्रत फिरत होती, तिच्यात हे आकडे असे होते: मृत २,०२,०४०, अंदाज २,५०,०००, जाळलेली प्रेतं ६८,६५०. एकाखाली एक मांडून बघा. कुणीतरी प्रत्येक आकड्याच्या शेवटी एक शून्य चिकटवलं, बास. बनावट करायला याहून कमी कष्ट लागत नसतील. गोबेल्सच्या प्रचारखात्याने तटस्थ देशांच्या वर्तमानपत्रांपर्यंत दोन लाखांची कुजबूज आधीच पोचवली होतीच.

आता तुमचे १,३५,०००. ते डेव्हिड आयर्व्हिंग या ब्रिटिश लेखकाच्या १९६३ सालच्या ड्रेस्डेनवरच्या पुस्तकातून आले. मृतांच्या नोंदींचं काम पाहिलेल्या एका माणसाने युद्धानंतर सांगितलेला तो अंदाज. त्याला कागदाचा आधार नाही. पुढच्या आवृत्तीत आयर्व्हिंगने ती बनावट प्रतही वापरली. १९६६ मध्ये खरे पोलीस अहवाल पुढे आले, तेव्हा त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून चूक कबूलही केली. पण तोवर पुस्तक घराघरात गेलेलं. कर्ट व्होनेगट हा अमेरिकन कादंबरीकार ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी होता, कत्तलखान्याखालच्या मांसाच्या तळघरात बसून वाचला. त्याच्या १९६९ च्या कादंबरीतही १,३५,००० च आहे. ज्याने जळलेलं शहर डोळ्यांनी पाहिलं, प्रेतं उकरली, त्यानेही आकडा पुस्तकातूनच घेतला. त्याला दोष कसला द्यायचा? हजारो प्रेतांमध्ये उभा असलेला माणूस मोजत नसतो.

शेवटी ड्रेस्डेन शहरानेच २००४ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली. दफनभूमीच्या नोंदी, नागरी नोंदणी, न्यायालयांत मृत घोषित केलेल्यांची कागदपत्रं, ढिगाऱ्यांचं उत्खनन, सगळं तपासून २०१० मध्ये त्यांनी सांगितलं, जास्तीत जास्त २५,०००. म्हणजे १९४५ च्या मार्चमध्ये पोलिसांनी केलेला अंदाज ६५ वर्षांनी बरोबर ठरला.

मधली सुट्टी – सोमवार, सकाळी ७:५०

वाचनखूण साठवली. शून्य चिकटवलं हे वाचून चहा सांडला.

पिंपळपान – सोमवार, सकाळी ८:१५

तळघर, आभार. पण मग आणखी एक खटकतं. आयर्व्हिंगने चूक कबूल केली ना? मग तो आकडा माझ्या पुस्तकात कसा? माझं पुस्तक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी छापलेलं आहे.

तळघर – सोमवार, सकाळी ९:०२

कारण पत्र एकदा छापून येतं आणि पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं जातं. कबुलीनंतरही आयर्व्हिंगच्या पुढच्या आवृत्त्यांत मोठे आकडे राहिलेच. हे सगळं नीट उघड झालं ते कोर्टात. ‘हा होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) नाकारणारा माणूस आहे’ असं डेबोरा लिपस्टॅट या प्राध्यापिकेने लिहिलं, म्हणून आयर्व्हिंगने तिच्यावर आणि प्रकाशकावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यात अशा वेळी लिहिलेलं खरं आहे हे लिहिणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. मग रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराने दोन संशोधक घेऊन दोन वर्षं एकच काम केलं, आयर्व्हिंगच्या तळटिपा उघडून त्यांत सांगितलेला मूळ कागद खरंच तसं म्हणतो का ते बघणं. एप्रिल २००० मध्ये निकाल लागला आणि आयर्व्हिंग हरला.

गंमत बघा, त्याच्या पुस्तकांत तळटिपा भरपूर होत्या. तोवर बऱ्याच समीक्षकांनी त्याच्या मतांना नाकं मुरडली, पण अभ्यासाची तारीफ केली, ती त्या तळटिपांच्या गर्दीकडे बघून.

उंटावरचा शहाणा – सोमवार, सकाळी ९:२०

ठीक, ड्रेस्डेनचं मागे घेतो. पण मग तळटीप असून उपयोग नाही आणि नसेल तर भरवसा नाही. वाचकाने करायचं काय? आणि तज्ज्ञांचं म्हणाल तर १९८३ ची ‘हिटलरची डायरी’ विसरू नका. ह्यू ट्रेव्हर-रोपर, हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरचा जगातला मोठा जाणकार, त्याने ती खरी म्हणून शिक्कामोर्तब केलं होतं!

खवचट म्हातारा – सोमवार, दुपारी १२:४०

आणि पत्रकार परिषदेच्या दिवसापर्यंत त्याचीच खात्री डळमळली होती, तेही सांग. ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने साठेक वह्यांसाठी ९० लाखांहून जास्त मार्क मोजले होते. कागदात युद्धानंतरच वापरात आलेलं पांढरेपणा आणणारं रसायन निघालं. मुखपृष्ठावरची आद्याक्षरं ‘ए. एच.’ऐवजी ‘एफ. एच.’ चिकटवलेली, कारण जुन्या जर्मन वळणाच्या लिपीत बनावट करणाऱ्याची गफलत झाली. आणि या सगळ्यात पत्रकार परिषदेत उभं राहून ‘शाई तपासली का?’ म्हणून ओरडणारा पहिला माणूस कोण? आपला आयर्व्हिंग. काही दिवसांतच त्याने पलटी मारून त्या खऱ्या म्हटल्या, ते सोडा.

तज्ज्ञ फसतात. पण दोन आठवड्यांच्या आत भांडं फोडलं तेही तज्ज्ञांनीच, अभिलेखागारातल्या आणि प्रयोगशाळेतल्या.

सावकाश – सोमवार, रात्री १०:५५

धागा छान चाललाय. आकडा खाली आला की लोकांना लगेच लपवाछपवीचा वास येतो, म्हणून उलटं उदाहरण देतो.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची किती माणसं गेली? १९४६ मध्ये स्टालिनने सांगितलं, सुमारे ७० लाख. १९६१ मध्ये ख्रुश्चेव्हच्या तोंडी आले २ कोटी. १९९० मध्ये गोर्बाचेव्हच्या काळात अधिकृत आकडा झाला सुमारे २ कोटी ७० लाख. माणसं तीच, तेव्हाच मेलेली. ७० लाख म्हणणाऱ्याला देश किती खिळखिळा झालाय हे अमेरिकेला कळू द्यायचं नव्हतं, शिवाय आपल्या चुकांची किंमतही कमी दिसायला हवी होती. पंधरा वर्षांनी स्टालिनच्या चुका दाखवणं सोयीचं झालं, तेव्हा आकडा वाढला. म्हणून १९५० च्या दशकातल्या पुस्तकात पूर्व आघाडीचा आकडा दिसला की मी तो नुसता नजरेखालून घालतो.

दुसरं जास्त नाजूक. ऑश्विट्झ या नाझी मृत्युछावणीच्या स्मारकावर १९९० पर्यंत ४० लाख बळींचे फलक होते. तो आकडा १९४५ च्या सोव्हिएत चौकशीतला, प्रेतं जाळायच्या भट्ट्यांची क्षमता गुणून काढलेला. आता मान्य आकडा सुमारे ११ लाख आहे, तो आगगाड्यांच्या नोंदींवरून. फलक बदलल्यावर होलोकॉस्ट नाकारणारे नाचायला लागले: ‘बघा, ४० चे ११ झाले, म्हणजे ६० लाखही खोटे!’ पण एकूण ज्यू बळींची ६० लाखांची बेरीज त्या ४० लाखांवर कधी उभीच नव्हती. राउल हिलबर्ग या इतिहासकाराने १९६१ मध्येच ऑश्विट्झमधले ज्यू बळी १० लाखांच्या घरात आणि एकूण ५१ लाख धरले होते. फलक वेगळा, ग्रंथ वेगळा. फलकावरचं उचलून पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हा घोळ वाढवला.

मधली सुट्टी – सोमवार, रात्री ११:१०

आकडे झाले, आता मला किश्श्यांबद्दल विचारायचंय. साराजेव्होचं सँडविच तरी खरं ना? मारेकरी प्रिन्सिप सँडविच घ्यायला दुकानात गेला म्हणून ऑस्ट्रियाच्या युवराजाची, आर्चड्यूकची गाडी समोर आली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. मी वर्गात सांगतो हा किस्सा. पोरं त्यानंतर तास संपेपर्यंत गप्प बसतात.

रातवा – मंगळवार, पहाटे १:३०

मास्तर, वाईट बातमी आहे. सँडविचला समकालीन पुरावा नाही. खटल्याच्या कामकाजात नाही, साक्षीदारांच्या जबानीत नाही. हा किस्सा पसरला तो अगदी अलीकडे, विसावं शतक संपल्यानंतर.

खरी गोष्ट काही कमी नाही. २८ जून १९१४. सकाळी प्रिन्सिपचा साथीदार चाब्रिनोविचने फेकलेला बॉम्ब आर्चड्यूकच्या गाडीवरून घरंगळून मागच्या गाडीजवळ फुटला. नगरभवनातला समारंभ उरकल्यावर जखमींना भेटायला इस्पितळात जायचं ठरलं आणि त्यासाठी मार्ग बदलला. बदललेला मार्ग ड्रायव्हरला कुणी सांगितलाच नाही. तो ठरल्याप्रमाणे वळला, मागून ओरडा झाला, त्याने गाडी थांबवली आणि ती थांबली नेमकी प्रिन्सिपपासून काही पावलांवर. प्रिन्सिप तिथे खायला गेला नव्हता. जाहीर झालेल्या परतीच्या मार्गावर तो उभा होता. वर्गात हे सांगा: एक निरोप एका ड्रायव्हरपर्यंत पोचला नाही. पोरं यानेही गप्प बसतील.

अवांतर: अशाच पठडीतले आणखी दोन. पोलिश घोडदळाने रणगाड्यांवर भाले घेऊन हल्ला केला हे खोटं. १ सप्टेंबर १९३९ ला क्रोयांतीजवळ त्यांनी जर्मन पायदळावर हल्ला चढवला आणि पायदळ उधळूनही लावलं, मग चिलखती गाड्यांनी त्यांना टिपलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना मेलेले घोडे दाखवले आणि गोष्ट तयार झाली. दुसरं, १९३८ मध्ये मंगळावरच्या स्वारीचं रेडिओ नाटक ऐकून अख्खी अमेरिका रस्त्यावर पळाली, हे वर्तमानपत्रांनी फुगवलं. जाहिराती पळवणाऱ्या रेडिओवर त्यांचा राग होताच.

मधली सुट्टी – मंगळवार, सकाळी ७:४५

अकरा वर्षं सँडविच खपवलं हो. उद्या कुठल्या तोंडाने वर्गात जाऊ.

खवचट म्हातारा – मंगळवार, सकाळी ८:००

त्याच तोंडाने जा. ‘मी चुकलो’ म्हणणारा मास्तर पोरांनी कधी पाहिलेला नसतो.

रातवा – मंगळवार, दुपारी ३:१५

पिंपळपानताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. आकडे आणि किस्से तपासता तरी येतात. मला त्याहून जास्त सावध करते ती गोष्ट म्हणजे पुस्तक सुरू कुठून होतं.

पहिल्या महायुद्धाचंच घ्या. बार्बरा टकमनचं १९६२ चं गाजलेलं पुस्तक मे १९१० मध्ये लंडनला सुरू होतं, सातव्या एडवर्डच्या अंत्ययात्रेत घोड्यांवरून चाललेल्या नऊ राजांपासून. ते पहिलं पान एकदा वाचलं की विसरणं नाही. त्या राजांतला जर्मन सम्राट कैसर म्हणजे मयत राजाचा मत्सरी भाचा, आणि तिथून पुस्तकाचा सगळा ओघ बर्लिनच्या हेकेखोरीकडे जातो. तिने सर्बिया आणि ऑस्ट्रियाची आघाडी जवळजवळ वगळलीच आहे. तसं प्रास्ताविकात प्रामाणिकपणे सांगितलंय, पण प्रास्ताविक वाचतं कोण? आता ख्रिस्तोफर क्लार्कचं २०१२ चं पुस्तक उघडा. ते सुरू होतं जून १९०३ मध्ये बेलग्रेडच्या राजवाड्यात. सर्बियाचे लष्करी अधिकारी मध्यरात्री आत घुसतात आणि आपल्याच राजाराणीला शोधून ठार मारतात. त्या कटातला एक अधिकारी पुढे ‘काळा हात’ या गुप्त संघटनेचा म्होरक्या होतो आणि साराजेव्होच्या पोरांना हत्यारं त्याच्याच यंत्रणेतून मिळतात. पन्नास पानांत वाचक सर्बियाकडे संशयाने बघायला लागतो.

दोघांच्या हकिकती खऱ्या आहेत. अंत्ययात्राही निघाली होती आणि राजाराणीचा खूनही झाला होता. फक्त पहिलं पान कुठलं निवडलं, त्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं राहणार ते ठरलं. जर्मनीत या प्रश्नावर १९६१ मध्ये केवढं रण माजलं होतं! फ्रिट्झ फिशर या इतिहासकाराने सप्टेंबर १९१४ चा एक सरकारी मसुदा पुढे ठेवला, ज्यात बेल्जियमला मांडलिक करण्यापासून सगळे जर्मन मनसुबे लिहिले होते. त्याच्याच देशबांधव प्राध्यापकांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं.

संस्कृतीच्या इतिहासातही हेच चालतं. मोड्रिस एक्स्टाइन्सचं १९८९ चं पुस्तक महायुद्धावर आहे आणि सुरुवात करतं नृत्यनाट्याने. मे १९१३, पॅरिस, स्ट्राव्हिन्स्कीचं संगीत, प्रेक्षकांची आरडाओरड, रंगमंचावर वसंतासाठी बळी जाणारी मुलगी. तिथून तो थेट खंदकात नेतो. वाचताना अंगावर काटा येतो, पुस्तक मिटल्यावर मात्र शंका येते: खंदकात मेलेल्या त्या शेतकऱ्याच्या पोराने स्ट्राव्हिन्स्कीचं नाव तरी ऐकलं असेल का?

सावकाश – मंगळवार, दुपारी ४:०५

+१. पहिलं पान कुठलं, हे मी आता कुठल्याही पुस्तकात बघणार. टकमनबाईंबद्दल एक भर: ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग टांगणीला लागलं होतं, तेव्हा केनेडीच्या डोक्यात हे पुस्तक होतं. आपल्यावरही कुणी असं पुस्तक लिहावं अशी वेळ आणायची नाही, असं तो भावाला म्हणाला होता. म्हणजे अपुरं आणि एकांगी पुस्तकही कधीकधी कामाला येतं.

खवचट म्हातारा – मंगळवार, सायंकाळी ६:३०

माझी एक साधी सवय सांगतो. पुस्तक उघडलं की आधी मूळ आवृत्तीचं साल बघायचं. पुस्तकालाही वय असतं.

१९७४ पर्यंत जगाला हे माहीत नव्हतं, की ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात बसून इंग्रज जर्मनांचे एनिग्मा यंत्राने सांकेतिक केलेले संदेश वाचत होते. त्या साली विंटरबॉथमचं पुस्तक आलं आणि गुपित फुटलं. आता हिशोब करा. चर्चिलचे दुसऱ्या महायुद्धावरचे सहा खंड, ज्यांनी त्याच्या १९५३ च्या साहित्याच्या नोबेलला हातभार लावला, ते त्याआधीचे. चर्चिलला सगळं ठाऊक होतं, पण लिहिता येत नव्हतं. शायररचा नाझी जर्मनीवरचा १९६० चा महाग्रंथ त्याआधीचा. त्या पुस्तकांत सेनापतींना ‘अचूक अंदाज’ येतात, पाणबुड्यांचा ठावठिकाणा ‘नशिबाने’ लागतो. लेखक खोटं बोलत नव्हते, त्यांच्या पटावरची एक सोंगटीच झाकलेली होती. तसंच १९९१ नंतर मॉस्कोची दप्तरं काही वर्षं किलकिली झाली, त्याआधीची स्टालिनग्राडवरची पुस्तकं बरीचशी जर्मन सेनापतींच्या आठवणींवर उभी आहेत. हरलेल्या सेनापतीच्या आठवणींत एकच खलनायक असतो: हिटलर. आणि दुसरा बर्फ. स्वतःचा अंदाज चुकला असं कुणीच लिहीत नाही.

अडगळीतला – मंगळवार, रात्री ९:५०

बराच वेळ नुसता वाचत होतो. मी अशा पुस्तकांचे मराठी अनुवाद केलेत, म्हणून बोलतो. मूळ साल बघा म्हणताय, पण कितीतरी अनुवादांत ते छापलेलंच नसतं. पाठच्या टिपा आणि सूची तर सर्वांत आधी जातात. एका प्रकाशकाने मला तोंडावर सांगितलं होतं, ‘त्या शंभर पानांत गोष्ट पुढे सरकत नाही.’ मी भांडलो आणि हरलो. म्हणजे मराठी वाचकाच्या हाती जे पुस्तक येतं, त्यात दावा शिल्लक राहतो आणि पुरावा कापला जातो. मग मूळ लेखकाने ‘कदाचित’ म्हटलेलं असतं तेही अनुवादात घाईघाईत गळतं. माझ्याकडूनही गळलंय, एक-दोन ठिकाणी. त्यातला एक ‘कदाचित’ अजून रात्री आठवतो.

वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ने आमच्या पिढीला हा विषय मराठीत दिला, ते ऋण आहेच. पण ते वाचून मोठी झालेली माणसं पन्नास वर्षांत कळलेलं नवं काहीच वाचत नाहीत, तेव्हा मला वाईट वाटतं. चूक त्या पुस्तकाची नाही.

उंटावरचा शहाणा – मंगळवार, रात्री १०:२०

एवढं सगळं बघायचं तर सरळ कागदपत्रंच का वाचू नयेत? गोष्टी सांगणारा इतिहास हवाच कशाला?

रातवा – मंगळवार, रात्री ११:५८

कारण कागदात सगळं नसतं. सोव्हिएत सैन्यात आठ लाखांच्या आसपास बायका होत्या. बंदूकधारी, वैमानिक, परिचारिका, धोबिणी. अधिकृत इतिहासात त्यांना पदकं मिळाली आणि शांतता मिळाली. स्वेतलाना अलेक्सिएविचने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घरोघरी जाऊन त्यांचं ऐकून घेतलं आणि १९८५ मध्ये पुस्तक आलं. नंतरच्या आवृत्तीत सेन्सॉरने कापलेलं तिने परत घातलं आणि शिवाय, हे मला फार भिडलं, तिने स्वतःच भिऊन गाळलेलंही घातलं. तिच्या मुलाखती तंतोतंत नाहीत, तिने त्यांवर हात फिरवलाय, असा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. तरी ते दप्तरात मिळालं नसतं.

किंवा अमेरिकन पत्रकार जॉन हर्सी. ३१ ऑगस्ट १९४६ ला ‘न्यू यॉर्कर’ने अख्खा अंक त्याच्या हिरोशिमावरच्या एकाच लेखाला दिला. सहा माणसं, बॉम्ब पडला त्या क्षणी कोण काय करत होतं. मृतांचा आकडा त्यात आहे, पण तो कुणाला आठवत नाही. ती सहा माणसं आठवतात.

सावकाश – बुधवार, सकाळी ६:४०

आणि शहाणेबुवा, कागदपत्रंही कुणीतरी लिहिलेलीच असतात. बंगालचा १९४३ चा दुष्काळ घ्या. सरकारच्याच चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृत्यू धरले १५ लाख. अमर्त्य सेन यांनी त्याच आयोगाचे आकडे पुन्हा तपासून ३० लाखांच्या आसपास नेले. गावातला जो चौकीदार जन्ममृत्यूची खबर द्यायचा, तोच भुकेने मेला किंवा गाव सोडून गेला, तर नोंद करणार कोण?

त्यावरून मला एक खोड लागली आहे. दुसऱ्या महायुद्धाचा एकखंडी इतिहास हातात आला की मी सूचीत ‘बंगाल’ शोधतो. मग ‘भारतीय सैन्य’. पंचवीस लाखांचं ते सैन्य स्वेच्छेने भरती झालेलं होतं, आफ्रिकेत लढलं, इटलीत लढलं, ब्रह्मदेश परत घेतला. काही जाडजूड ग्रंथांत या दोहोंना मिळून दीड पान मिळतं. तळटीप तपासून लेखकाने काय चुकीचं लिहिलं ते कळेल. त्याला काय सुचलंच नाही, हे फक्त सूचीत कळतं.

अडगळीतला – बुधवार, सकाळी ७:०५

आणि सूची आम्ही कापतो. 🙏

उंटावरचा शहाणा – बुधवार, सकाळी ९:१५

उंट बांधला दावणीला. जेते-बिते सगळं मागे घेतो.

खवचट म्हातारा – बुधवार, सकाळी ९:२२

सगळं नको रे, थोडं ठेव. बंगालच्या दीड पानात तुझं म्हणणं बरोबर बसतंय.

मधली सुट्टी – बुधवार, दुपारी २:३०

आज वर्गात सँडविच मागे घेतलं. ड्रायव्हरचा निरोप सांगितला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मग त्या ड्रायव्हरला निरोप द्यायचं काम कुणाचं होतं?’ मला उत्तर आलं नाही. रातवा, तुम्हाला माहीत आहे का?

रातवा – बुधवार, दुपारी ४:००

तिथला गव्हर्नर पोटियोरेक त्याच गाडीत बसला होता. मार्ग बदलायचं त्याच्यासमोरच ठरलं. गाडी चुकीची वळल्यावर ड्रायव्हरवर ओरडून थांबवणाराही तोच.

पिंपळपान – बुधवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे खूप आभार. काल ते जाडं पुस्तक पुन्हा उघडलं. मूळ साल सापडलं, पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. सूची नाही. टिपा नाहीत. पहिलं पान हिटलरच्या बालपणापासून. ड्रेस्डेनच्या पानावर ‘बाप रे!’ तसंच ठेवलं. पंचवीस हजार माणसांनाही ‘बाप रे’ म्हणायला हरकत नाही. आकडा मात्र खोडला आणि शेजारी २५,००० लिहिलं, कंसात ‘समिती, २०१०’.

खवचट म्हातारा – बुधवार, रात्री १०:०१

पेनाने की पेन्सिलीने?

पिंपळपान – बुधवार, रात्री १०:०४

पेन्सिलीने, आजोबा.